लाल मणी

वैज्ञानिकाने संशोधन करावे, लोकांना समजावण्याची उठाठेव दुसऱ्यांवर सोडावी, हा सल्ला आपल्याकडे फार भारदस्तपणे दिला जातो. कारणे दोन. एक, वेळ जातो. जातोच, अनुदानाचे अर्ज भरण्यात त्याहून जास्त जातो. दुसरे कारण मात्र वजनदार आहे: सोपे करायला गेले की शास्त्र पातळ होते आणि लोकांना भलतीच आशा लागते.

या पक्षाला बर्लिनचा दाखला देता येईल. क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनी १८९० साली तिथल्या भर वैद्यक परिषदेत क्षयावर उपाय दृष्टिपथात आल्याचे सूचित केले. रुग्णांची रीघ लागली, आणि ‘ट्युबरक्युलिन’ या त्यांच्या औषधाने कुणी बरे होईना. बोलले नसते तर बरे, असे वाटणे साहजिक आहे. पण कॉख यांनी काय सांगितले नाही तेही पाहावे. त्या औषधात नेमके काय आहे, हे त्यांनी जानेवारी १८९१पर्यंत झाकून ठेवले. घोषणा उघड आणि मूठ झाकलेली! दोष बोलण्याचा नव्हता, पडताळा घेऊ न देण्याचा होता. (त्याच ट्युबरक्युलिनने पुढे क्षयाचा संसर्ग ओळखणारी मॉन्टू चाचणी दिली, हा भाग निराळा.)

आता ‘पातळ होण्या’चे. ताप-खोकल्याच्या बाळाला न्यूमोनिया आहे का, हे त्याच्या श्वासांच्या वेगावरून ओळखता येते. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाले की धोका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेपुढे अडचण अशी, की गावच्या सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. ‘यांना कळणार नाही’ म्हणून विषय संपवता आला असता. त्याऐवजी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असे साधे यंत्र तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी साठाव्या श्वासाचा लाल मणी आला की न्यूमोनिया. यात शास्त्र कुठे पातळ झाले? आकडा तोच राहिला, बदलली ती मोजायची रीत. आणि ती बदलायची तर सुईण कशी मोजते, हे संशोधकाला तिच्याकडूनच शिकावे लागते. याच संस्थेने पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवले, अगदी इंजेक्शन द्यायलासुद्धा. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरला. ते निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. लोकांशी बोलणे हे संशोधन आटोपल्यावर वाटायचे पेढे नव्हेत. इथे तर ते संशोधनाच्या पोटातच होते.

मुलांच्या बाबतीत आपण अजून पेढ्यांवरच आहोत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेत वैज्ञानिक पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होते, पडद्यावर पेशी रंगीत दिसतात, मुले टाळ्या वाजवतात. पाहुण्यांच्या फसलेल्या प्रयोगांची वही कुणी पाहत नाही.

त्याऐवजी ते वाळूचे घड्याळ वर्गात न्यावे. घरातल्या लहान भावंडाचे श्वास मोजून या म्हणावे. एकाच बाळाचे चार वेळा मोजले तर चार आकडे येतील: कधी ते झोपलेले, कधी रडत असलेले, कधी मोजणाराच मध्ये चुकलेला. रडताना घेतलेला आकडा धरायचा की नाही, यावर वर्गात जुंपेल. तेव्हा पाहुण्यांनी लगेच उत्तर देऊ नये, एवढीच माझी अट आहे.