घरपट्टी भरली म्हणजे मालकी नव्हे

नाशिकजवळच्या एकलहरे येथे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि परिसरात श्रमिकांची वस्ती वाढली. अशा गावांतून एक समज खोलवर रुजलेला आढळतो: ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नाव चढले, घरपट्टीची पावती मिळाली, की घर मालकीचे झाले. वस्तुस्थिती तशी नाही. तो उतारा ही कर-आकारणीची नोंद होय. मालकी सिद्ध होते ती नोंदणीकृत खरेदीखत, वारसा वा शासकीय पट्टा यांच्या आधारे.

म्हणजे कर घेताना राज्यसंस्थेला गरिबाचे घर दिसते. हक्क देताना मात्र तेच घर अतिक्रमण ठरते! २०२० च्या स्वामित्व योजनेने गावठाणातील घरांना मिळकतपत्रिका देण्यास आरंभ झाला. गावठाणाबाहेरचा भूमिहीन तिच्या कक्षेबाहेरच राहिला. शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण २०१८ मध्ये ठरले, तेही अटींसह. तेथे जुन्या पावत्या मालकीचा नव्हे, पण वहिवाटीचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. त्या जपून ठेवण्यास कार्यकर्त्यांनी सांगावे, आणि पट्ट्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावात आणावी. पावतीवर विसंबून राहिलेल्याला कायदा वाचवीत नाही; संघटित मागणीच त्याला हक्कापर्यंत नेऊ शकते.