औषधाचे पत्रक रुग्णाकडून तपासून घ्या



औषधांच्या वेष्टनावरील क्यूआर कोडमुळे रुग्ण सजग होईल, हा दावा आता थांबवायला हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ब्रँडना हा कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती असते. बनावट औषध ओळखायला ती उपयोगी आहे. पण गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या का, हे त्यात असावे असे नियमाला वाटलेले नाही. खोक्यातल्या घडीच्या कागदात ते शोधावे, तर तो बहुधा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि अनेकदा त्याच्या माथ्यावरच छापलेले असते की हा कागद फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेसाठी आहे. पैसे मोजले रुग्णाने, गोळी गिळणार रुग्ण, आणि कागद मात्र त्याच्यासाठी नाही!

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे मराठी अनुवाद. तो हवाच, पण तेवढ्याने भागणार नाही. अमेरिकेत ३९५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाच्या बाटलीवर सूचना होती : दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या. वाचनक्षमता बेताची असलेल्या रुग्णांपैकी ७१ टक्क्यांनी ती बरोबर सांगितली. मग दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवायला सांगितल्यावर बरोबर चार गोळ्या काढणारे निघाले ३५ टक्के. भाषा परकी नव्हती, वाक्य एका ओळीचे होते, तरीही फक्त ३५ टक्के! ‘समजले ना?’ असे विचारून ‘हो’ ऐकले की आपल्याकडचे डॉक्टर, औषध विक्रेते आणि सरकारी खाती समाधानी होतात. त्या ‘हो’ची किंमत या आकड्याने दाखवून दिली आहे.

युरोपीय संघाने २००४ साली कायद्यातच तरतूद केली की, औषधासोबतचे पत्रक ज्या रुग्णांसाठी आहे त्यांच्याशी सल्लामसलत करूनच तयार व्हावे. रीत साधी आहे. औषधांशी व्यवसायाने संबंध नसलेली साधारण वीस माणसे, दहा-दहांच्या दोन फेऱ्यांत, ते पत्रक वाचतात. त्यांना प्रश्न विचारले जातात. प्रत्येकाने उत्तर पत्रकात शोधायचे आणि स्वतःच्या शब्दांत सांगायचे. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वीसपैकी किमान सोळा जणांना सापडले आणि कळले, तर पत्रक चालते. नाही तर वाक्ये बदलून पुन्हा वाचायला दिले जाते. नापास होते ते पत्रक, वाचणारा माणूस नव्हे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. गोळी चुकली की ‘पेशंट अडाणी होता’ असा शेरा मारून सगळे मोकळे.

चुकीची किंमत जीवही असू शकते. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतल्याने जगभर मृत्यू ओढवले आहेत, म्हणून युरोपच्या औषध नियामक संस्थेला २०१९ साली खोक्यावरच्या ठळक इशाऱ्यांपासून रुग्णाजवळच्या कार्डापर्यंत उपाय सुचवावे लागले. ‘आठवड्यातून एकदाच घ्या’ हे वाक्य गावातल्या एखाद्या आजींना छापण्याआधी वाचायला दिले, तर त्या पहिला प्रश्न विचारतील, ‘कोणत्या वारी?’ तो वार कागदावर यायला हवा. जुलाबावरच्या ओआरएसचेही तसेच. बाजारात एक लिटर पाण्यात कालवायची पुडी मिळते आणि २०० मिलीलिटरचीही. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर द्रावण घातक ठरते. घरातल्या कोणत्या भांड्यात एक लिटर मावते, हे लेकराला जुलाब लागलेली आई सांगू शकते. मंत्रालयातला मसुदा लेखक नाही.

वीस माणसे कुठून आणायची, ही सबब चालणार नाही. कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर सकाळी नऊ वाजता ती रांगेत उभी असतात. गावोगावच्या आशा सेविकांना तर कोण कुठे अडखळते हे तोंडपाठ आहे, पण त्यांच्या हाती पत्रके येतात ती छापून झाल्यावर, वाटण्यापुरती.

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रांची गतही वेगळी नाही. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, रुग्णाला पुरेशी माहिती मिळाल्याखेरीज संमती ही संमती ठरत नाही. तरीही भूल देण्यापूर्वी घाईघाईत पुढे केलेल्या छापील कागदावर सह्या घेतल्या जातातच. तो कागद एकाही रुग्णाकडून आधी वाचून घेतलेला नसतो.

केंद्रीय औषध नियंत्रकांनी आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मधुमेह, रक्तदाब आणि क्षयरोगाच्या औषधांपासून सुरुवात करावी. मराठी पत्रक सक्तीचे करावे, ते रुग्णांकडून तपासून घ्यावे आणि किती जणांनी, कधी तपासले हे त्यावरच छापावे. तोवर वाचकांनी औषध घेताना दुकानदाराला दिवसभराच्या गोळ्या स्वतः मोजून दाखवाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सांगली