योग नाकारायचा की तपासून घ्यायचा?

२१ जून जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी तीच खडाजंगी सुरू होते. एक गट म्हणतो, योग म्हणजे वैदिकांचा कार्यक्रम, आंबेडकरी तरुणांनी तिकडे फिरकू नये. दुसरा म्हणतो, व्यायामाला कसली आली जात आणि कसला धर्म? दोघेही अर्धेच बोलतात, असे आम्हांला वाटते.

आधी मालकीचा प्रश्न. सिद्धार्थ गौतमांनी आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यानाचे धडे घेतले, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये सांगितले आहे. तथागतांनी ते शिकून घेतले, पडताळले, अपुरे वाटले तेव्हा पुढे गेले. आनापानसती, म्हणजे श्वासाकडे सजगपणे पाहणे, ही तर धम्माची ओळखच. पतंजलीच्या योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चारही शब्द येतात. ते कुठले, हे आपल्या विहारातले लहान मूलही सांगेल. हठयोगाची तंत्रे शिकवणारा आजवर माहीत असलेला सर्वांत जुना ग्रंथ 'अमृतसिद्धी' हा अकराव्या शतकाच्या सुमारास वज्रयानी परंपरेत लिहिला गेला, असे जेम्स मॅलिन्सन यांचे संशोधन सांगते. त्यामुळे योग ही एकाच परंपरेची जहागीर आहे, हा दावा आपणच मान्य करून तिकडे पाठ फिरवण्यात शहाणपण नाही.

पण वेष्टनाचे काय? संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये योग दिनाला मान्यता दिली आणि २०१५ पासून तो सरकारी सोहळा झाला. आयुष मंत्रालयाच्या अभ्यासक्रमाची सुरुवात ऋग्वेदातल्या प्रार्थनेने होते. इथे आपला आक्षेप रास्त आहे. संविधानाच्या कलम २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. आमचे म्हणणे साधे आहे : मूल ताडासन करील, प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहील. पालकांनी मुख्याध्यापकांना तसे लेखी द्यावे. भांडण करायची गरज नाही.

आता मुद्दा आरोग्याचा. जुनाट कंबरदुखीवर योगाने थोडा ते मध्यम फरक पडतो, असे कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात दिसले. मात्र इतर व्यायामाच्या तुलनेत तो फार सरस ठरला नाही. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. मधुमेहाच्या गोळ्या बंद करा म्हणणाऱ्या बाबांपासून आपल्या आईवडिलांना दूर ठेवा. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासनासारखी डोके खाली करण्याची आसने टाळावीत, कारण डोळ्यांतला दाब वाढतो.

आणि एक गोष्ट या सोहळ्यात कुणी बोलत नाही. ज्यांना 'दीर्घ श्वास घ्या' असे सांगितले जाते, त्यांच्यातल्याच काहींचा श्वास गटारात गुदमरून थांबतो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. यंत्रे, मुखवटे, ठेकेदारावर गुन्हा, नियमित तपासणी या मागण्या प्राणायामाने सुटत नाहीत. आरोग्य म्हणजे फक्त स्वतःची जबाबदारी, असे सांगणारा योग सरकारला फार सोयीचा असतो!

तरीही शरीर आपले आहे. स्पर्धा परीक्षेसाठी दहा-दहा तास खुर्चीला खिळलेली आपली मुले मान, पाठ आणि झोप गमावून बसली आहेत. विहाराचा हॉल सकाळी बहुतेक ठिकाणी रिकामाच असतो. सहा ते पावणेसात उघडा ठेवा, चटया आणा, वीस मिनिटे आसने आणि वीस मिनिटे आनापान. शिकवायला जाणकार माणूस हवा, आणि महिलांची वेळ त्यांना विचारून ठरवा. महिन्यातून एकदा वस्तीतल्या सफाई कामगारांचा रक्तदाब आणि साखर तिथेच तपासायची सोय झाली, तर वर्षावासात सुरू करायला याहून चांगला उपक्रम आम्हांला तरी सुचत नाही.