गुडघा नुसता लचकला, की अस्थिबंध तुटला?

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला की गोव्यात आंतरशालेय फुटबॉलचा हंगाम रंगात येतो. मैदाने भिजलेली असतात, सराव जेमतेम आठवड्याभराचा झालेला असतो आणि एखाद्या सामन्यात कोणी मुलगा किंवा मुलगी, आसपास प्रतिस्पर्धी नसतानाही, गुडघा धरून खाली बसते. धक्का लागलेला नसतो, त्यामुळे पंचांची शिट्टी वाजत नाही आणि इजा गंभीर असेल असे कोणाला वाटतही नाही. ‘लचकला असेल’ असे म्हणून बर्फ लावला जातो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते आणि खेळाडू पुन्हा मैदानात दिसतो. खरे नुकसान अनेकदा यानंतर होते.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरके बांधून ठेवणारा अस्थिबंध डॉक्टरांच्या आणि आता खेळाडूंच्याही बोलण्यात ‘एसीएल’ या नावाने ओळखला जातो. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला पीळ बसू न देणे हे त्याचे काम. धावता धावता एकाएकी दिशा बदलली, उडी मारून सरळ पायावर उतरले, गुडघा आत वळला, की तो तुटू शकतो. या अस्थिबंधाच्या बहुतांश दुखापती धक्क्याविनाच होतात, हे पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी आधी समजून घ्यायला हवे. एफसी गोवाचा बचावपटू संदेश झिंगन याला जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात अशीच दुखापत झाली आणि तो दीर्घकाळ मैदानाबाहेर राहिला. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिच्यावर २०१७ मध्ये, तर कुस्तीपटू विनेश फोगट हिच्यावर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. या साऱ्यांच्या पाठीशी संघाचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट होते. शाळकरी मुलाच्या पाठीशी बहुधा बर्फाची पिशवी तेवढी असते.

ही दुखापत ओळखणे वाटते तितके अवघड नाही. ‘आत काहीतरी टचकन तुटले’ असे मूल स्वतःच सांगते. त्याला खेळ पुढे चालू ठेवता येत नाही. काही तासांतच गुडघा टरारून सुजतो, आणि ही खूण सर्वांत महत्त्वाची. साध्या लचकेची सूज हळूहळू, बहुधा दुसऱ्या दिवशी येते. इतक्या लवकर आलेली सूज सांध्यात रक्त साठल्याचे सुचवते. पुढे चालताना किंवा जिना उतरताना गुडघा ‘निसटतो’. यांपैकी एकही गोष्ट दिसली तरी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवणे आवश्यक आहे. गुडघा अडकून सरळच होत नसेल, किंवा पाऊल थंड, बधिर पडले असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. खेळ तत्काळ थांबवणे, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावणे, लवचीक पट्टी बांधणे आणि पाय उंचावर ठेवणे इतकेच घरच्यांचे काम. गावातल्या जाणत्याकडून गुडघा चोळून घेणे, ओढून ‘बसवणे’, शेकणे या गोष्टी कितीही मायेने केल्या तरी घातकच.

क्ष-किरण चित्र ‘नॉर्मल’ आले म्हणून निश्चिंत होण्याची चूक फार होते. क्ष-किरणांत हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. तरीही ते काढायचे, कारण लहान मुलांत कधी कधी अस्थिबंध न तुटता हाडाचा तुकडाच उपटून निघतो. पहिल्या दिवशी वेदनेमुळे मूल गुडघा ताठ धरते, तपासणी नीट होत नाही. म्हणून सूज थोडी उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासणी हवी आणि शंका राहिल्यास एमआरआय.

उपचारांच्या बाबतीत कोवळ्या वयाचा पेच वेगळा आहे. हाडांच्या टोकांजवळचा, उंची वाढवणारा कूर्चेचा थर मुलींत साधारण चौदाव्या आणि मुलांत सोळाव्या वर्षापर्यंत खुला असतो. नवा अस्थिबंध बसवण्यासाठी हाडात जे छिद्र पाडावे लागते, ते या थरातून चुकीच्या रीतीने गेले तर पाय वाकडा वाढू शकतो किंवा आखूड राहू शकतो. म्हणून पूर्वी वाढ संपेपर्यंत थांबण्याकडे कल असे. पण थांबलेली मुले खेळायची थांबत नाहीत. निसटणाऱ्या गुडघ्यात मेनिस्कस, म्हणजे कूर्चेची गादी, फाटत जाते आणि तरुण वयातच सांध्याची झीज सुरू होते. आता हा थर वाचवून शस्त्रक्रिया करण्याची तंत्रे उपलब्ध आहेत. त्यामुळे ‘अजून लहान आहे, मोठा झाल्यावर बघू’ हा सल्ला मिळाल्यास पालकांनी दुसरे मत अवश्य घ्यावे. याचा अर्थ प्रत्येकाला शस्त्रक्रियाच हवी असा नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०१८ च्या तज्ज्ञ-निवेदनात नियमबद्ध व्यायामोपचार हाही मुलांसाठी मान्य पर्याय मानला आहे. मात्र सोबत दुरुस्त करण्याजोगी गादी फाटली असेल किंवा व्यायामानंतरही गुडघा निसटत असेल तर शस्त्रक्रिया सुचवली आहे. गुडघ्याच्या आतील कडेचा अस्थिबंध एकटाच दुखावला असेल, तर तो बहुतेकदा पट्ट्याने आणि व्यायामाने भरून येतो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले, हा समज तर सर्वदूर आहे. निदान नऊ महिने आणि दोन्ही पायांची ताकद जवळजवळ समान होईपर्यंत स्पर्धात्मक खेळ नको, असे आजचे मत आहे. पंचविशीच्या आतल्या ज्या खेळाडूंनी पुन्हा मैदान गाठले, त्यांच्यात सुमारे चारातील एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याची दुखापत पुन्हा झाल्याचे संशोधनांत आढळले आहे. आपल्याकडे नऊ महिन्यांत एक निवड चाचणी जाते, एक स्पर्धा जाते, दहावी-बारावीचे क्रीडागुणही जातात. सहाव्या महिन्यात ‘आता चालतो की नीट’ असे म्हणून मूल संघात परतते, त्यामागे हा हिशेब असतो. दुखापतीने हुकलेल्या वर्षासाठी क्रीडागुणांत काही सवलत ठेवली, तर ही घाई बरीच कमी होईल.

मुलींकडे विशेष लक्ष हवे. त्याच खेळात त्यांना या दुखापतीचा धोका मुलांच्या दोन ते तीन पट असतो. २०२३ च्या महिला विश्वचषकाला इंग्लंडची लिआ विल्यमसन व बेथ मीड आणि नेदरलँड्सची विव्हियाने मिडेमा या तिघीही याच कारणाने मुकल्या. शरीररचना, उडीनंतर पाय टेकण्याची ढब अशी कारणे सांगितली जातात. पण मुलींना ताकदीचे व्यायाम शिकवलेच जात नाहीत, हे कारण आपल्या हातातले आहे. फिफाच्या ‘इलेव्हन प्लस’ या वीस मिनिटांच्या पूर्वव्यायामाची नॉर्वेतील १३ ते १७ वयाच्या मुलींवर चाचणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. त्यासाठी ना यंत्रे लागतात ना व्यायामशाळा. धावणे, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, उडी मारून गुडघा वाकवत उतरणे, एवढेच. फक्त सामना चारला असेल तर संघ साडेतीनला मैदानावर हवा. चारला पाच मिनिटे कमी असताना शाळेची बस पोचत असेल, तर ते होणार नाही.