काचेत ओढा दिसू द्या

नदीकाठाचं प्रेझेंटेशन असलं, की एका स्लाइडवर काचेची भिंत हमखास येते. हात लावला की दिवे लागतात, बोटामागे निळे तरंग उमटतात, शेजारी कोणीतरी सेल्फी काढत असतं. मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा काठ नव्याने घडवायचा म्हटल्यावर डिझाइनच्या मुलांना असं काही सुचणारच. सुचावंही. पण हात लावून कळणार काय, हे आधी ठरवा ना!

आम्हाला विचाराल तर भिंती दोन हव्यात. पहिली कात्रजच्या तलावाकाठी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथलंच पाणी जमिनीखालच्या नळातून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर शनिवारवाड्यापर्यंत गेलं. त्याच उताराने आंबिल ओढाही सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो घराघरांत घुसला. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. तेव्हा शाळेत असलेले आज तुमच्या वर्गात आहेत.

म्हणून दुसरी भिंत दांडेकर पुलाशी. वर कात्रजला तलाव किती भरलाय, ते खाली तिथल्या काचेवर त्याच क्षणी उजळलेलं दिसावं. शेजारी २०१९ च्या पाण्याची रेघ, पण ती काचेत कोरलेली. पुराच्या रात्री सगळ्यात आधी जाते ती वीजच. पॅरिसमध्ये सीन नदीवरच्या आल्मा पुलाला एक दगडी सैनिक आहे. पाणी त्याच्या पावलांशी आहे की मांडीशी, यावरून लोक पुराचा अंदाज घेतात. १९१० मध्ये ते खांद्यांपर्यंत चढलं होतं. ना सेन्सर, ना अ‍ॅप!

काच लॅमिनेटेड घ्या, म्हणजे फुटली तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. आणि पक्ष्यांचं विसरू नका. काचेत उमटलेलं झाड खरं समजून ते धडकतात. बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके दिले, तर बरेचसे वाचतात. ज्युरी म्हणेल, व्ह्यू बिघडला. म्हणू दे.

बाकी पान खाऊन त्यावर थुंकणारे, बदाम कोरणारे येणारच. तेव्हा काच रोज पुसणार कोण, कितीच्या पगारावर, तेही त्याच स्लाइडवर लिहा.