‘फक्त संशोधनासाठी’ असलेली कुपी अंगात टोचून घेऊ नका!

मोशी, भोसरी, चिखली आणि चाकण परिसरातील कामगार, खेळाडू, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, त्यांचे आई-वडील, जिमचालक आणि वस्ताद या सर्वांना कळकळीचं आवाहन.

लाईनवर दिवसभर हात वर करून काम करणाऱ्याचा खांदा धरतो. भरतीसाठी पळणाऱ्या पोराची नडगी ठणकते. आखाड्यात गुडघा फिरतो. रजा परवडत नाही आणि भरतीची तारीख कुणासाठी थांबत नाही. नेमकं अशा वेळी कुणीतरी मोबाईलवर बीपीसी-१५७ किंवा टीबी-५०० दाखवतं आणि सांगतं, “पेप्टाइड आहे, स्टेरॉइड नाही. दुखापत झटपट भरते.” कृपा करून हे इंजेक्शन घेऊ नका आणि कुणाला देऊ नका.

बीपीसी-१५७ म्हणजे प्रयोगशाळेत जोडलेली १५ अमिनो आम्लांची साखळी, म्हणजेच पेप्टाइड. माणसाच्या जठररसातल्या प्रथिनाशी तिचं नातं सांगितलं जातं. क्रोएशियातील झाग्रेब विद्यापीठात प्रेद्राग सिकिरिच यांच्या गटाने १९९०च्या दशकापासून तिच्यावर काम केलं. उंदरांच्या तुटलेल्या टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यावर) आणि जखमांवर चांगले परिणाम दिसले, हे खरं आहे. पण माणसांवरचे प्रकाशित अभ्यास अगदी मोजके, लहान आणि बहुतेक तुलनागटाशिवाय झालेले आहेत. किती मात्रा द्यावी, किती दिवस द्यावी, वर्षभराने शरीरात काय होईल, याची भक्कम उत्तरं अजून कुणाकडेच नाहीत. हे द्रव्य नव्या रक्तवाहिन्या वाढवतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. जखमेला त्याची मदत होते, पण शरीरात लपलेल्या कर्करोगाच्या गाठीलाही वाढायला रक्तवाहिन्याच लागतात. म्हणून या शंकेचं निरसन झाल्याशिवाय ते टोचून घेणं धोक्याचं आहे.

पेप्टाइड म्हटलं की सगळं वाईट, असं मी म्हणत नाही. इन्सुलिनसुद्धा याच कुळातलं आहे आणि त्याने कोट्यवधी जीव वाचवले. पण ते चाचण्यांतून पार पडलं, परवान्याने बनतं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. बीपीसी-१५७ ला भारतात औषध म्हणून मान्यता नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये सुरक्षिततेचे प्रश्न असलेल्या द्रव्यांच्या गटात त्याचा समावेश केला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत ते २०२२ पासून आहे आणि टीबी-५०० वरही बंदी आहे. कबड्डीपटूंनो, पैलवानांनो, नमुन्यात ते सापडलं तर चार वर्षांपर्यंत मैदान सुटू शकतं.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशाचं पेनिसिलिन इथून जाऊ लागलं. आपल्या घरांत, शेजारात औषध कंपन्यांत आयुष्य घालवलेली माणसं आहेत. त्यांना विचारा, इंजेक्शनची एक बॅच बाहेर पडण्याआधी किती तपासण्या होतात. निर्जंतुकता पाहतात, जिवाणूंचं विष म्हणजे एंडोटॉक्सिन पाहतात, मात्रा मोजतात. चूक झाली तर बॅच नंबरवरून माल परत मागवता येतो. ‘संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असं छापून विकल्या जाणाऱ्या बीपीसी-१५७ च्या कुपीला यातलं काहीच बंधनकारक नसतं. विक्रेता ‘९९ टक्के शुद्ध’ असा कागद दाखवतो. तो कागद त्याच कुपीचा आहे याची खात्री नाही, आणि असला तरी ती भुकटी निर्जंतुक आहे, हे त्यावरून ठरत नाही. उद्या ताप चढला, गळू झालं, तर जबाबदार कोण? लेबलवरच्या त्या एका ओळीने विक्रेत्याने आधीच हात झटकलेले असतात.

व्यायामाच्या नावाखाली मेफेन्टरमाईन या औषधाची इंजेक्शनं विकणाऱ्यांना पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी गेल्या काही वर्षांत पकडलं आहे. त्याच वाटेने ही नवी कुपी आपल्या पोरांपर्यंत येऊ देऊ नका.

मान्यता नसलेलं औषध माणसाला देण्याचा रीतसर मार्ग म्हणजे वैद्यकीय चाचणी. तिची नोंद भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीत असते, नीतिमत्ता समितीची मंजुरी असते, तुमच्या भाषेतलं संमतिपत्र असतं आणि इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद असते. यातलं काहीही न दाखवता कुणी ‘संशोधन’ म्हणत असेल, तर तिथून उठा.

आता एवढं करा:

१. दुखापत असेल तर पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवा. विमा कार्ड असलेल्या कामगारांनी राज्य कामगार विमा रुग्णालयात जावं. टेंडनला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते सावकाश भरतं. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम तीन महिने नेटाने करा.

२. इंजेक्शन घेतलं असेल तर आजच थांबवा. ताप, सूज, पुरळ, धाप यांपैकी काही असेल तर कुपीसह डॉक्टरांकडे जा. काही लपवू नका. तातडीला १०८ वर फोन करा. सुई दुसऱ्यासोबत वापरली असेल तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या.

३. औषधाचा त्रास झाल्यास राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. विक्रीची माहिती महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ वर द्या.

४. जिमचालकांनो, वस्तादांनो, ‘इथे इंजेक्शन चालणार नाही’ अशी पाटी दारावर लावा आणि ती पाळा.

हे आवाहन आज संध्याकाळीच जिममध्ये, आखाड्यात आणि कंपनीच्या बसमध्ये मोठ्याने वाचून दाखवा. पुढची सुई टोचली जाण्याआधी ते त्या पोराच्या कानावर पडलं पाहिजे.

आपला,
मोशीतील एक रहिवासी