बर्फाचा सीटीसी, नदीचा इन-हँड

पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर आलं तेव्हा सीटीसीचा आकडा मी अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलो होतो. महिनाअखेरीला खात्यात किती जमा झाले ते मात्र फक्त आईला माहीत आहे! गेल्या रविवारी अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीबद्दल वाचताना त्याची आठवण झाली.

या नदीचं बहुतेक पाणी रॉकी पर्वतातल्या बर्फाचं. त्यावर सुमारे 4 कोटी लोक अवलंबून. हिवाळा सरत आला की तिकडे 'यंदा बर्फ सरासरीच्या इतके टक्के' अशा बातम्या सुरू होतात. 2021 साली हा आकडा 80 च्या वर होता. म्हणजे डिस्टिंक्शनच की! प्रत्यक्षात पॉवेल सरोवरात पाणी आलं ते सरासरीच्या जेमतेम एक तृतीयांश.

मग बाकीचं गेलं कुठे?

पहिला संशय संप्लवनावर. कपाटातल्या डांबरगोळ्या आठवतात ना, न वितळता हवेत विरणाऱ्या? बर्फाचंही तसं होतं, त्यात वारा भुरभुरीत बर्फ उडवत असेल तर विचारूच नका. म्हणून 2022-23 च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांनी कोलोरॅडोतल्या गॉथिक गावाजवळ मनोरे उभारून हे मोजलं. उत्तर आलं साधारण 10 टक्के. कमी नाही, पण एवढ्याने हिशेब जुळत नाही. (बर्फ वितळायला लागते त्याच्या साडेआठ पट ऊर्जा त्याची थेट वाफ व्हायला लागते, तेव्हा फार आश्चर्यही नको.)

खरा चोर 2024 साली सापडला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानुसार 2000 नंतरच्या या तफावतीतला जवळजवळ 70 टक्के भाग वसंतातला पाऊस घटल्यामुळे आहे. पाऊस नाही, म्हणून झाडंझुडपं बर्फाचं पाणी पितात. ढग नाहीत, म्हणून ऊन जास्त आणि बाष्पीभवनही जास्त. आदल्या वर्षीची कोरडी माती आपला वाटा आधीच कापून घेते, अगदी टीडीएससारखा. नदीच्या हातात पडतं ते उरलंसुरलं.

म्हणून बर्फाचा एकटा आकडा मथळ्यात छापणं मला फसवणूकच वाटते. वसंतात पाऊस किती पडेल हे आधी छातीठोक कोणी सांगू शकत नाही, मान्य. मग तसं सांगा ना! नदीत पाणी कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, हे दोन्ही आकडे द्या. अधिकृत अंदाजांत ते असतातही, बातमीत येईपर्यंत कुठे गळतात कोण जाणे.

असो. त्याच 2021 च्या ऑगस्टमध्ये मीड सरोवरात पाण्याची टंचाई अधिकृतपणे जाहीर झाली, इतिहासात पहिल्यांदाच. पुढच्या वर्षी कपात झाली ती ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांच्या कालव्यात.